गुलाबी मीठ म्हणजे सैंधव नव्हे: सेंट पॅट्रिक्स डेच्या फॉरवर्डला उत्तर

मार्च उजाडला की व्हॉट्सॲपवर एक पाककृती फिरू लागते. १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला (आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या सणाला), घरी ‘अस्सल आयरिश’ जेवण करा असं ती सांगते: कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस), कोबी, बटाटे आणि सोडा ब्रेड. तिच्यातले दावे थोडक्यात असे. आयर्लंडमध्ये हे शतकानुशतकं घरोघरी होतं. कॉर्न्ड म्हणजे मका घातलेलं. ‘पिंक सॉल्ट’ मिळालं नाही तर आपलं सैंधव घ्या, आणि थंडी असेल तर मांस ओट्यावरच मुरू द्या. मग सगळं एका पातेल्यात टाकून तीन तास खळखळून उकळा. आतून गुलाबी राहिलं तर कच्चं समजा. ब्रेडसाठी बेकिंग पावडर आणि ताक घ्या, गोळा खूप मळा. मीठमसाल्याचे दावे आधी तपासायला हवेत, पण सुरुवात फॉरवर्डच्याच क्रमाने करू.

‘आयर्लंडमध्ये शतकानुशतकं घरोघरी’

हा पदार्थ आयरिश लोकांचा आहे, पण अमेरिकेतल्या. आयर्लंडमध्ये या जोडीतलं मांस डुकराचं असतं. तिथला ‘बेकन’ म्हणजे अमेरिकी न्याहारीतल्या चरबीदार पट्ट्या नव्हेत. पाठीचा किंवा खांद्याचा खारवलेला अख्खा तुकडा उकडायचा, त्याच पाण्यात कोबी शिजवायचा, वर पार्स्ली घातलेला पांढरा सॉस. गाय दुधालोण्यासाठी पाळली जायची, तिचं मांस गरिबाच्या ताटात क्वचितच येई.

गंमत अशी की खारवलेल्या गोमांसाचा मोठा कारखाना आयर्लंडमध्येच होता. १६६० च्या दशकात इंग्लंडने आयर्लंडहून येणाऱ्या जिवंत गुरांवर आधी जबर कर आणि मग बंदी घातली. तेव्हा कॉर्क बंदरातून पिंपंच्या पिंपं खारवलेलं मांस जहाजांवर आणि कॅरिबियन बेटांवर जाऊ लागलं. ते बनवणाऱ्यांना ते परवडत नव्हतं. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या शेजारी ज्यू खाटकांची दुकानं होती. तिथे डुक्कर नाही, पण गाईच्या छातीचा तुकडा, ब्रिस्केट, खारवून स्वस्तात मिळे. बेकनच्या जागी तो आला. कोबी आणि बटाटा होतेच. कॉर्कमध्ये मसाला लावलेलं ‘स्पाइस्ड बीफ’ आजही करतात, पण नाताळात.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डला ठाऊक नाही. १७ मार्च हा ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो आणि त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. २०१७ आणि २०२३ मध्ये हा दिवस शुक्रवारी आला, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी खास सूट दिली. कॅथलिक पाहुणे बोलावणार असाल तर आधी वार बघा.

‘कॉर्न म्हणजे मका’

जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा. मिरीच्या दाण्याला पेपरकॉर्न म्हणतात ते याच अर्थाने. इथे तो दाणा जाड्या मिठाचा. ‘खडेमिठात मुरवलेलं’ हे चपखल भाषांतर.

‘पिंक सॉल्ट म्हणजे सैंधव’

इथे मात्र थांबून वाचा. मांस खारवायचं पिंक सॉल्ट, म्हणजे प्राग पावडर नंबर १ किंवा क्युअरिंग सॉल्ट, यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि उरलेलं साधं मीठ. कुणी चुकून जेवणात घालू नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात. सैंधवाचा गुलाबीपणा लोहाच्या अंशाचा. त्यात नायट्राइट नसतं. रंग सारखा, काम वेगळं.

नायट्राइटची कामं तीन: बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला वाढू न देणं, खारवलेल्या मांसाची ती ओळखीची चव आणणं आणि शिजल्यावरही गुलाबी रंग टिकवणं. सैंधव घातलंत तर मांस करड्या रंगाचं होईल. तो काही गुन्हा नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये करडं कॉर्न्ड बीफच परंपरेचं मानतात. अट एवढीच, की ते पूर्ण वेळ फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सियसच्या खाली मुरलं पाहिजे. ओट्यावर अजिबात नाही, बाहेर बर्फ पडत असला तरी. स्वयंपाकघर हीटरने उबदार असतं. नायट्राइट घातलं तरी फ्रिज सुटत नाही.

उलट गफलत अधिक घातक. क्युअरिंग सॉल्टची पिशवी सैंधवाच्या बरणीशेजारी ठेवू नका. ते चमचाभर कोशिंबिरीत गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांतून जीभ खारवताना सोरा घालण्याची पद्धत आहे. तो नायट्रेटचा प्रकार, तिथेही चिमटीचंच काम.

प्रमाण चमच्याने नको, वजनकाट्याने. मांस आणि पाणी यांचं एकत्र वजन धरा. २ किलो ब्रिस्केट आणि २ लिटर पाणी म्हणजे ४ किलो. त्याला क्युअरिंग सॉल्ट १० ग्रॅम, साधं मीठ ९० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम. या मापाने दर किलोमागे नायट्राइट साधारण १५६ मिलिग्रॅम पडतं, आणि मीठ समतोल होत असल्याने दोन दिवस जास्त राहिलं तरी मांस खारट होत नाही. मसाला: मिरे, मोहरी, धणे, ऑलस्पाइस, दोन-तीन लवंगा, लसूण, तमालपत्र. आपलं तमालपत्र आणि तिकडचं बे लीफ वेगळ्या झाडांची पानं. आपल्या पानाला दालचिनीची झाक असते, म्हणून एकच पान पुरे. पाणी उकळून पूर्ण गार करा, मगच मांस बुडवा. मांस तरंगू नये म्हणून वर ताटली ठेवा, रोज उलटा. ५ सेंमी जाडीला सात-आठ दिवस लागतात. कापल्यावर मध्ये करडा ठिपका दिसला तर मांस नासलेलं नाही. मीठ गाभ्यापर्यंत पोचलं नाही, इतकंच. नंबर २ ची पावडर घेऊ नका, ती महिनोन् महिने वाळवायच्या मांसासाठी असते.

एवढा खटाटोप नको तर अमेरिकी दुकानांत या दिवसांत मुरवलेलं ब्रिस्केट तयार मिळतं. ते फक्त धुऊन घ्यायचं. फॉरवर्ड त्यावरही ‘चवीपुरतं मीठ’ घालायला सांगतो, ते ऐकलंत तर ताट परत येईल.

‘सगळं एकदम, तीन तास खळखळून’

ब्रिस्केट हा जनावराच्या सतत राबणाऱ्या भागाचा तुकडा. त्यातले चिवट पडदे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात, तेव्हा मांस मऊ लागतं. पाणी खदखदलं तर तंतू आकसून रस पिळून काढतात: वरून कापूस, आतून दोरी. गार पाणी मांसाच्या दोन बोटं वर येईल इतकं घाला, उकळी आली की लगेच आच कमी करा. मग पाणी नुसतं थरथरायला हवं, कडेला एखाददुसरा बुडबुडा. पहिल्या दहा मिनिटांनी पाणी चाखा; खारट वाटलं तर ते ओतून नवं घ्या. २ किलोला तीन ते साडेतीन तास लागतात. घड्याळापेक्षा सुरी बरी: ती विरोध न करता आत-बाहेर झाली की झालं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९० ते ९५ अंश.

भाज्या शेवटी. मांस मऊ झालं की ते बाहेर काढून झाकून वीस मिनिटं ठेवा आणि त्याच पाण्यात आधी बटाटे व गाजर घाला, दहा मिनिटांनी कोबी. कोबीचे उभे सहा-आठ तुकडे, बुंधा न काढता. बुंध्याशिवाय पानं सुटून पाण्यात पोहतात. कोबीला बारा-पंधरा मिनिटं बस्स. तीन तास उकळलेल्या कोबीतून गंधकाचा तो वास सुटतो, ज्यावरून शेजारी ओळखतात आज काय आहे. प्रेशर कुकरमध्ये दीड किलोला दाब धरल्यावर सुमारे ८५ मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्ट्या मोजून अंदाज येत नाही.

मग कापणं, आणि बरेचजण इथेच फसतात. ब्रिस्केटमध्ये एकावर एक दोन स्नायू असतात, दोन्हींच्या तंतूंची दिशा निराळी. मधल्या चरबीच्या थरावरून आधी वेगळे करा, मग प्रत्येकाला तंतूंना आडवं कापा, पेन्सिलीच्या जाडीएवढं. उभं कापलंत तर उत्तम शिजलेलं मांसही चिवट लागेल.

‘आतून गुलाबी म्हणजे कच्चं’

नायट्राइटमुळे तो रंग शिजल्यावरही राहतो. कच्चेपणा सुरीने किंवा थर्मामीटरने बघा, डोळ्यांनी नाही.

‘ब्रेडला बेकिंग पावडर, ताक, आणि खूप मळणं’

नावच सोडा ब्रेड आहे. खायचा सोडा आंबट दह्या-ताकातल्या आम्लाशी भिडतो आणि वायू लगेच सुटतो, म्हणून हात चटकन चालवावा लागतो. मळलंत तर ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जाऊन वडी दगड होते. आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टच्या ब्रेडसाठी बेताचा. त्याला सोडा मानवला.

मैदा ४५० ग्रॅम, सोडा सपाट एक चहाचा चमचा, मीठ तेवढंच. घरचं पाणीदार ताक इथे कमी पडतं, अमेरिकी बटरमिल्क त्यापेक्षा दाट असतं. आंबट दही ३०० ग्रॅम आणि पाणी १०० मिली घुसळून घ्या. बोटांनी जेमतेम एकत्र करा, पीठ ओबडधोबडच राहू द्या. चार सेंमी उंचीची वडी, वर खोल फुली. नाही तर ब्रेड वाटेल तिथे फाटतो आणि मधोमध कच्चा राहतो. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर साधारण ३०. सोडा जास्त पडला तर साबणाची चव येते आणि पिवळे ठिपके दिसतात.

मनुका, अंडी, साखर आणि कॅरवे ही अमेरिकी भर. कॅरवेसाठी आपलं जिरं चालत नाही. शहाजिरं जवळचं, तेही चमचाभर. झालं की नाही हे कळायला ब्रेड उलटा करून बुडाला टिचकी मारा. पोकळ वाजला तर जाळीवर काढा, ठस्स वाजला तर अजून पाच मिनिटं आत.