बुधवारी चार वाजता उत्स्फूर्त

माझा धंदा वह्या शिवण्याचा. त्यात सगळ्यात जास्त खपतात त्या नियोजनाच्या डायऱ्या. लोकांनी आपला महिना नीट आखावा म्हणून मी पानोपानी चौकोन छापून देतो. माझा स्वतःचा महिना मात्र दर एक तारखेला मागून येऊन धडकतो.

धंद्याचं इन्स्टाग्राम भाची बघते. बघते म्हणजे मला ओरडते. "मामा, गेल्या महिन्यात सहा दिवस रोज टाकलंस आणि मग चोवीस दिवस गायब!" मग तिनेच एक्सेल शीट केली. तीस चौकोन. निळा म्हणजे माल, हिरवा म्हणजे पडद्यामागचं, गुलाबी म्हणजे ग्राहकांचं कौतुक. आणि दर बुधवारी चार वाजता एक पिवळा चौकोन, त्यात लिहिलेलं : उत्स्फूर्त.

"हे काय?"

"सगळंच ठरवून टाकलं की रोबो वाटतो रे माणूस. थोडं सहज पण हवं."

"मग सहज किती वाजता व्हायचं?"

"चार."

पुढच्याच रविवारी महिन्याभराचं चित्रीकरण उरकलं. रोज वेगळा दिवस वाटावा म्हणून मी पाच सदरे बदलले. तिसऱ्या सदऱ्यालाच चेहऱ्यावर शनिवार संध्याकाळ उतरली होती. मग कॅप्शन. इन्स्टाग्राम एका कॅप्शनला २,२०० अक्षरं देतं. पहिल्या तारखेला मी कागदाच्या पोताबद्दल जवळजवळ सगळी वापरली. एकोणिसाव्या तारखेचं कॅप्शन होतं, "ही पण वही."

पहिला बुधवार उजाडला. पावणेचारला भांग पाडून, फोन स्टँडला लावून बसलो. चार वाजले. काही सुचेना. सव्वाचारला मी दाभण मुद्दाम हातातून पाडलं. भाची म्हणाली, "परत पाड, फोकस गेला." तिसऱ्यांदा पडलेल्या दाभणाकडे बघून मी जे खळखळून हसलो, ते पाहून आईचा फोन आला. तब्येत बरी आहे ना, म्हणाली.

अशा वेळी भाची मला ओरिओचं उदाहरण देते. २०१३ साली अमेरिकेत सुपर बोलचा सामना चालू असताना स्टेडियमचे दिवे गेले, खेळ ३४ मिनिटं थांबला. तेवढ्यात बिस्किटवाल्यांनी ट्वीट सोडलं की अंधारातही बिस्किट बुडवता येतं. जिकडेतिकडे वाहवा. मी जरा खोदून वाचलं, तर त्या रात्री पंधराएक माणसं याच कामासाठी तयार होऊन बसलेली! लिहिणारा हजर, चित्र करणारा हजर आणि मुख्य म्हणजे 'टाका' म्हणणारा हजर. दिवे काय ते न सांगता गेले, बाकी सगळं सज्ज होतं. माझ्याकडे ही पंधरा माणसं मीच, आणि दिवे जायच्या वेळी त्यांतले चौदा खळ ढवळत असतात.

आमचे दिवे गेले ते एका मंगळवारी, अकराला पाच कमी असताना. पुठ्ठ्यावर नुकतं कापड चढवलं होतं. मांजर खळीच्या पातेल्यात पाय बुडवून, त्या कापडावरून, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं चालत गेलं. चार पावलं, अगदी सारख्या अंतरावर. माझी शिलाईही इतकी सरळ येत नाही. मी फोन उचलला. फोन म्हणाला, जागा नाही. घाईघाईत मी पुढच्या बुधवारचा उत्स्फूर्त व्हिडिओ उडवला आणि मांजराचं शेपूट तेवढं मिळवलं.

स्टोरी २४ तासांत जाते, या धीरावर ते शेपूट आणि ठसे टाकून दिले. आणि बरोबर अकराला, तिच्या पाठोपाठ, पंधरा दिवसांपूर्वी लावून ठेवलेली निळी पोस्ट आपोआप गेली : "एक डाग नाही, एक सुरकुती नाही. सफाई हीच आमची ओळख."

पोस्टखाली पहिलाच प्रश्न आला, "ती हीच वही का?"

तेव्हापासून सकाळी उठलो की त्या दिवशी काय जाणार आहे ते आधी बघतो. एरवी हसण्यावारी जातं, पण बाहेर काही वाईट घडलेलं असतं आणि आपली 'चला, आनंदी होऊ या'वाली पोस्ट वेळेवर हजर होते, तेव्हा वेळापत्रकाची लाज वाटते. आणखी एक केलं : पिवळे चौकोन पुसले. तिथे नुसता पांढरा ठेवला, काही न लिहिता. फोनमध्ये जागा मात्र राखून ठेवतो. भाचीला हे पटलेलं नाही. रिकामा चौकोन दिसला की तिचा हात शिवशिवतो.

त्यातून त्या स्टोरीला उत्तरं आली. तिघांना ठशांचीच डायरी हवी होती. भाचीने त्याच दुपारी शीटमध्ये नवा तपकिरी रंग आणला आणि पुढच्या मंगळवारी लिहून टाकलं : मांजर, सकाळी अकरा. मीही भरात येऊन तिघांना पंधरा दिवसांचा वायदा दिला.

मांजराला अजून सांगितलेलं नाही.