दुखणं थांबलं, म्हणून कॅप नको?

आमच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, रूट कॅनल होऊन दुखणं थांबलं की कॅपची गरज नसते, ती डॉक्टरांची कमाई. कॅपसाठी चांगला दात घासून खराब करतात. नस काढलेला दात मेलेला असतो, तो अंगात रोग पसरवतो, म्हणून काढूनच टाका. आणि कॅप बसवायचीच तर सगळ्यात महागडी बसवा, मग आयुष्यभर बघायला नको. दोन वर्षांपूर्वी असाच मेसेज आईने खरा मानला होता, म्हणून हे लिहितेय.

आधी दुखण्याचं. रूट कॅनलमध्ये आतली नस काढतात, त्यामुळे कळ थांबते. दाढ काही त्यामुळे भक्कम होत नाही. कीड काढताना खड्डा पडलेला असतो, मुळांपर्यंत जायला वरून आणखी वाट केलेली असते. उरतात त्या बाजूच्या पातळ भिंती. चावताना त्या बाहेर फाकू पाहतात. कॅप त्यांना वरून झाकते आणि चहूबाजूंनी आवळून धरते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तशी.

तेव्हा आईच्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं आणि कॅप बसवून घ्या, असं डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलं होतं. ती म्हणायची, "अगं, दुखतच नाही तर कशाला?" आठ महिने खरंच काही झालं नाही. मग एका सकाळी भाजलेले शेंगदाणे खाताना कट्कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, थेट हिरडीच्या खालपर्यंत. कॅप बसवायला काही उरलंच नव्हतं. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी कापसावर ठेवलेले दोन तुकडे दाखवले. एकात मुळाकडे उतरणारी बारीक गुलाबी रेघ होती, रूट कॅनलमध्ये भरलेला गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ. तो अगदी जागच्या जागी होता. उपचार नीट झाला होता, दाढ मात्र गेली.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये रूट कॅनल झालेल्या दातांच्या जुन्या नोंदी तपासल्या. कॅप न बसवलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप बसवलेल्यांच्या सहापट निघालं. जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, तेव्हा सहा हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण तो कुठल्या दिशेला बोट दाखवतो, ते मी त्या कापसावर पाहिलंय.

यात मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. पुढच्या दाताला मागून लहानसं छिद्र असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर बहुतेकदा नुसतं सिमेंट पुरतं. तिथेही कॅप सांगितली तर कारण जरूर विचारा.

घासण्याचा मुद्दाही अर्धा खरा आहे. साधारण 1 ते 2 मिलिमीटर दात घासावा लागतो आणि तो परत येत नाही. नुसत्या दिसण्यासाठी धडधाकट दात घासायला माझाही विरोध आहे. पण पोखरलेल्या दाढेला 'चांगला दात' कसं म्हणायचं? बाजू मजबूत असतील तर फक्त वरचा भाग झाकणारा ऑनलेही बसतो, त्यात घासणं कमी.

'मेलेला दात रोग पसरवतो' हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली ठेवून तसा निष्कर्ष काढला होता. पुढच्या काटेकोर प्रयोगांत तो टिकला नाही. तरी त्या भीतीपायी तेव्हा कितीतरी लोकांचे दात उपटले गेले, आणि आज तीच भीती मोबाइलवरून घरात येतेय, याची मला चीड येते.

आता महागडी कॅप. झिर्कोनिया (टणक पांढरं सिरॅमिक) असो की धातू, कॅप किडत नाही. पण ती हिरडीजवळ जिथे संपते, तिथला दात किडू शकतो. नस नसल्यामुळे ती कीड दुखून सांगतही नाही. म्हणून तिथे रोज नीट ब्रश, फटीत फ्लॉस आणि अधूनमधून तपासणी लागतेच.

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल झालं. पंधरा दिवसांत कॅपही बसवली. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, कॅप दोनदा उंच लागली, दोनदा घासली. तिसऱ्यांदा आईने दात मिटले, जरा थांबली आणि म्हणाली, "हं, आता बसली."