स्टेपलर, टाके आणि पोटावरची पिशवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मलाशयाच्या कॅन्सरवरील माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की स्टेपलर (आतडं पिनांनी जोडणारं यंत्र) म्हणजे बिल फुगवायचं साधन, हात बसलेला सर्जन टाक्यांनीच आतडं जोडतो. आणि जोड नीट झाला असता तर बाबांच्या पोटावर मळ गोळा करायची पिशवी आलीच नसती. तुमचा संताप समजतो, पण हे दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

स्टेपलर महाग आहे, खरंच. पण पुरुषांचं ओटीपोट तळाशी इतकं अरुंद असतं की वरून सुई फिरवायला जागा उरत नाही. म्हणून गोल स्टेपलर खालून, गुदद्वारातून घालतात. कॅन्सरचा भाग काढल्यावर उरलेली आतड्याची दोन्ही टोकं जुळवून दाबलं की पिनांची वर्तुळं बसतात आणि आतलं जास्तीचं आतडं कापलं जातं. यंत्रात त्याच्या दोन चकत्या निघतात. त्या आम्ही हातात घेऊन तपासतो. दोन्ही अखंड गोल हव्यात, एखादी तुटकी निघाली तर जोडात फट असण्याची शंका. मग ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडायची. बुडबुडे आले की दुरुस्ती. अगदी गुदद्वारालगतचा जोड मात्र आजही बरेचदा हातानेच घालतात.

गळतीच्या, म्हणजे जोडातून मळ पोटात झिरपण्याच्या, बाबतीत दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसलेला नाही. जोड टिकतो तो चांगल्या रक्तपुरवठ्यावर आणि ताण नसण्यावर. त्यासाठीच पोटात डावीकडे वर, प्लीहेपाशी अडकलेलं आतडं सोडवून खाली आणावं लागतं, आणि ऑपरेशनचा बराच वेळ तिथे जातो.

आता पिशवी. ही तात्पुरती पिशवी मळ जोडापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर वळवते, म्हणजे जोडाला भरून यायला वेळ मिळतो. जोड जितका खाली, तितका गळतीचा धोका जास्त. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात २३४ रुग्ण होते. पिशवी असलेल्यांत लक्षणं देणारी गळती सुमारे १० टक्के, नसलेल्यांत २८ टक्के. पिशवी ठेवली म्हणजे जोड बिघडला, असं नसतं हो.

नागपूरच्या मे महिन्यात मला खरी काळजी वाटते ती पाण्याची. लहान आतड्याच्या पिशवीतून पाण्याबरोबर मीठही जातं, नुसतं पाणी पिऊन ते भरून निघत नाही. बाबांना ओआरएस द्या. पिशवी वारंवार भरू लागली, लघवी कमी झाली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘आम्हाला कुणी काही सांगितलं नाही’ ही तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. पिशवी बंद झाल्यावर बाबांना दिवसातून अनेकदा, कधी घाईने जावं लागेल, कारण मळ साठवणारा भाग काढलेला आहे. बहुतेकांना पहिल्या वर्षभरात बराच फरक पडतो. बंद करण्याआधी जोडाची तपासणी कधी होणार, हे सर्जनना विचाराच.