तीन तास उडून पुन्हा कोची

सकाळपासून डोकं फिरलंय. दहावीच्या ग्रुपवर एकाने रील टाकलं. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि वर मोठ्या अक्षरांत 'मालदीव विसरा'. त्याखाली आमच्या एका मित्राचा मेसेज: "१५ ऑगस्टला जोडून सुट्टी येतेय. चौघं अगत्तीला जाऊन येतो, तिसऱ्या दिवशी घरी. तू गेलेलीस ना? पटकन सांग कसं करायचं."

पटकन! अरे, अगत्ती म्हणजे लक्षद्वीपचं बेट, ते अलिबाग आहे का?

आणि ऑगस्टात? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आपले कोळी होडी लोटत नाहीत, आणि हे महाशय भर पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या सहा-सात किलोमीटरच्या पट्टीवर स्नॉर्केलिंग करणार. जाणारी चार माणसं, त्यातल्या दोघांना पोहता येत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे.

आम्ही गेलो होतो डिसेंबरात. बाबांना घेऊन. बाबा मूळचे देवगडचे, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाणाऱ्या पिढीतले. त्यांना एकदा 'सगळीकडून समुद्र' बघायचा होता. आधी परमिट. हो, भारतीयांनाही लागतं, १९६७ चा नियम आहे. त्यासाठी पोलिसांचा दाखला. ठाण्यातल्या चौकीत हवालदाराने बाबांना विचारलं, "काका, दुबईला चाललात का?" बाबा म्हणाले, "नाही हो, भारतातच." तरी तो संशयाने बघत होता.

मग तिकीट. मी शहाणी. मुंबई-कोची एका कंपनीचं, कोची-अगत्ती दुसरीचं, कारण बाराशे रुपये वाचत होते. कोचीच्या काउंटरवर कळलं की पुढच्या विमानात सामान १५ किलोच. बाबांची बॅग तिथेच जमिनीवर उघडली. आईने दिलेला शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा, दोन किलोचा, बाहेर आला. तो बाबांनी मांडीवर घेतला आणि तसेच विमानात बसले.

दीड तासाने खाली पाचूसारखं काहीतरी दिसलं, आणि लगेच ढग. विमान घिरट्या घालायला लागलं. एक, दोन, तीन. मग वैमानिकाने सांगितलं, उतरता येत नाही, परत कोची. लक्षद्वीपला विमानतळ एकच, तो अगत्तीचा. शेजारी दुसरीकडे कुठे उतरणार? धावपट्टी साधारण १२०० मीटर, पुढे-मागे पाणी. मुंबईची मोठी धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, म्हणजे अंदाज घ्या. म्हणूनच तिथे एटीआर हे छोटं, पंख्यांचं विमानच जातं, आणि आखूड धावपट्टीमुळे तेही पुरतं भरून नेता येत नाही. बसमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणतो तसं तिथे होत नाही.

मी तोंड सोडलं होतं. गेस्टहाउसची पहिली रात्र बुडाली, पैसे मिळणार नाहीत, कंपनीवाले हात वर करून मोकळे. (अजून आठवलं की चिडते. साधं पाणी विचारलं नाही कुणी.)

पलीकडच्या सीटवर अगत्तीचीच एक बाई होती, मांडीवर पाच-सहा वर्षांचा मुलगा, कानाला बँडेज. कोचीत ऑपरेशन करून परत निघालेली. ती एकदम शांत. मोडक्या हिंदीत म्हणाली, "कल जाएगा. नहीं तो परसों." मग सहज बोलावं तसं सांगितलं की मुलाला डिस्चार्ज पाच दिवसांपूर्वीच मिळाला होता, पण सुट्ट्यांमुळे सीटच नव्हती. जहाजाला १४-१८ तास लागतात, टाके ताजे, तेवढं हलवायला नको म्हणून नातेवाइकांकडे थांबली.

सुट्ट्यांमुळे. म्हणजे आमच्यामुळे.

बाबांनी काही न बोलता डबा उघडला. पोराने एकेक शंकरपाळा उचलून आधी दिव्याकडे धरून बघितला, मग खाल्ला. कोची येईपर्यंत डबा अर्धा झाला.

आता मित्रांनो, पर्यटनाने बेटावर चार पैसे येतात, मान्य. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे फोटो आले, तेव्हा निम्म्या देशाला लक्षद्वीप कळलं, तेही खरं. माझा राग जाण्यावर नाही, मी गेलेच ना! राग आहे तो 'तिसऱ्या दिवशी घरी' वर. त्या विमानात बसणारा प्रत्येक माणूस सुट्टीवर नसतो. कुणाची तपासणी असते, कुणाची परीक्षा. तुमच्या मुंबई-दिल्लीत एक विमान गेलं तर तासाभरात दुसरं.

तर ऐक रे बाबा, शेवटी सांगतेच. ऑक्टोबर ते मे यात जा. परमिट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस. जाताना एक रात्र नेडुंबसेरीला, कोचीच्या विमानतळाजवळ काढ, येताना पुढच्या विमानाआधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेव. बाराशे रुपयांसाठी माझ्यासारखी दोन वेगळी तिकिटं काढू नकोस. आणि रजा कमी असेल तर नकोच जाऊस, ते बेट कुठे पळत नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. ढग गेले होते. बाबा धावपट्टीवर उतरून दोन्हीकडे बघत उभेच राहिले. मागून सुरक्षारक्षक "चलो, चलो" करत होता, आणि मी पहिल्यांदाच कुणावर डाफरले नाही. ती बाई बाहेर भेटली, पोराने बाबांना हात केला. रिकामा डबा तिच्याकडेच राहिला. आई अजून विचारते.

लिहिता लिहिता ग्रुपवर उत्तर आलंय: "ओके, मग ऑगस्टला लोणावळा. हॉटेल सुचव."