क्रॅश डंपची राखीव मेमरी खरंच वाया जाते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळलं तर त्या क्षणाची मेमरी तपासणीसाठी जपून ठेवतात, तिला क्रॅश डंप म्हणतात. त्यासाठी बूटच्या वेळीच मेमरी राखून ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर हरकत घेतलीत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २ जीबीच्या मशीनवर १९२ एमबी बाजूला काढणं म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा सोडून देणं, तोही वर्षानुवर्षं न येणाऱ्या पॅनिकसाठी, म्हणजे कर्नल कोसळण्याच्या प्रसंगासाठी. कर्नलला हवी तेवढी मेमरी पॅनिकच्या क्षणी शोधता आली पाहिजे. विंडोज आणि फ्रीबीएसडी अशी मेमरी न राखता डंप घेतात, म्हणजे हा लिनक्सचा आळस आहे. आणि नेटकन्सोलवरून, म्हणजे नेटवर्कने दुसऱ्या मशीनवर, लॉग मिळत असेल तर डंप हवाच कशाला?

लहान मशीनबद्दल तुम्ही म्हणता त्यात बरंच तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण सुरुवात करतो ती "ऐन वेळी मेमरी शोधावी" या मुद्द्यापासून, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

पॅनिक होतं म्हणजे कर्नलचा स्वतःवरचा भरवसा उडालेला असतो. अशा वेळी मेमरी मागायची कोणाकडे? ती वाटणाऱ्या ॲलोकेटरकडेच ना? त्या ॲलोकेटरचं लॉक एखाद्या दुसऱ्या सीपीयूने धरलेलं असू शकतं, आणि तो सीपीयू आपण नुकताच एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) पाठवून थांबवलेला असतो. ते लॉक आता कधीच सुटणार नाही. लॉक मोकळं असलं तरी मोकळ्या पानांची (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) यादी शाबूत आहे याची खात्री कोण देणार? कदाचित तीच यादी बिघडल्यामुळे पॅनिक झालं असेल. शिवाय मेमरी मिळाल्यावर तिथे दुसरं कर्नल आणायचं तर ते डिस्कवरून वाचावं लागेल, म्हणजे पुन्हा फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर आले. जे कोसळलंय त्याचेच हातपाय वापरायचे झाले. म्हणून डंप घेणारं दुसरं कर्नल आणि त्याचं इनिटरॅमएफएस (बूटला लागणारी मेमरीतली छोटी फाइल सिस्टिम) मशीन धडधाकट असतानाच राखीव जागेत चढवून ठेवलेलं असतं. पॅनिक झालं की केएक्झेकच्या (चालू कर्नलमधूनच दुसरं कर्नल सुरू करण्याच्या) मार्गाने थेट तिथे उडी मारली जाते, मध्ये बायोस किंवा फर्मवेअर येत नाही.

तरीही तुम्ही म्हणाल की चढवून ठेवायचंच आहे तर कुठेही ठेवा, अख्खा सलग पट्टा अडवून कशाला ठेवायचा? याचं उत्तर डीएमएमध्ये (उपकरणाने सीपीयूला न विचारता थेट मेमरीत लिहिण्यात) आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

एक नेटवर्क कार्ड घ्या. ड्रायव्हरने त्याला डिस्क्रिप्टरची एक रिंग दिलेली असते. प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये एक भौतिक पत्ता असतो: पॅकेट आलं की इथे लिही. पॅकेट येतं, कार्ड त्या पत्त्यावर लिहितं, सीपीयूला विचारत नाही. आता पॅनिक झालं. बाकीचे सीपीयू थांबवले गेले. पण कार्डाला कोणीही काही सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर ड्रायव्हरचा बंद करण्याचा कोड चालवावा लागतो आणि त्या घटकेला त्या कोडवर विसंबणं धोक्याचं असतं. बाहेरच्या नेटवर्कला तर काहीच खबर नाही, तिकडून पॅकेटं येतच आहेत. नवं कर्नल उठून त्या कार्डाला रीसेट करेपर्यंत कार्ड जुन्या पत्त्यांवर लिहीतच राहतं. त्यातल्या एखाद्या पत्त्यावर आता नव्या कर्नलचं पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) असेल, तर त्याच्यावर कुठल्यातरी पॅकेटचे बाइट येऊन पडतील आणि डंप घेणारं कर्नल कुठेतरी, काहीही अर्थ न लागेल अशा जागी मरेल.

"मोकळी" म्हणून नोंदलेली पानं घेतली तर हा धोका टळेल असंही नाही. ड्रायव्हरने बफर परत केला पण उपकरणाला थांबवायचं राहिलं, हा चुकीचा एक नेहमीचा प्रकार आहे, आणि ज्या चुकीमुळे पॅनिक झालं ती हीच असू शकते. यादीत पान मोकळं दिसतं आणि कार्ड त्यात लिहीत असतं.

राखीव पट्ट्याचं मोल त्याच्या आकारात कमी आणि त्याच्या इतिहासात जास्त आहे. तो पट्टा बूट झाल्यापासून ॲलोकेटरच्या ताब्यात गेलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा पत्ता कोणत्याही ड्रायव्हरने कोणत्याही उपकरणाला दिलेला नसतो. शिवाय त्यात कर्नल चढवून झालं की एक्स८६ प्रकारच्या सीपीयूवर ती पानं केवळ वाचण्यापुरती केली जातात, आर्म६४वर तर तो भाग मॅपिंगमधूनच काढला जातो, म्हणजे भरकटलेला एखादा पॉइंटर तिथे सहजासहजी लिहू शकत नाही. उडी मारण्यापूर्वी परगेटरी नावाचा एक छोटा कोड चढवलेल्या भागांचा एसएचए-२५६ हॅश पडताळतो, म्हणजे त्यांत काही बदल झालेला नाही ना ते पाहतो. इतकी काळजी घेऊनही एक्स८६वरच्या जुन्या व्यवस्थेत पहिले ६४० केबी अडचणीचे ठरले होते: नव्या कर्नलला बूट व्हायला तो भाग लागायचाच, म्हणून त्यातला मजकूर आधी राखीव जागेत उचलून ठेवावा लागे. पुढे कर्नलने पहिला १ एमबी सरसकट बाजूलाच ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या वापरातली मेमरी ऐन वेळी घ्यायची म्हटलं की काय काय उपद्व्याप करावे लागतात, ते एवढ्याशा भागातही दिसतं.

आता विंडोज आणि फ्रीबीएसडी. ते मोठा पट्टा राखत नाहीत हे बरोबर आहे. तिथे पॅनिक झालेलं कर्नलच स्वतःचा डंप लिहितं. विंडोज त्यासाठी डिस्कच्या पोर्ट ड्रायव्हरची एक वेगळी प्रत तयार ठेवतं आणि डंप पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या फाइलमध्ये) लिहितं. फ्रीबीएसडी सहसा स्वॅपच्या, म्हणजे डिस्कवरच्या तशाच, जागेत लिहितं आणि पुढच्या बूटला सेव्हकोअर हे साधन तो उचलतं. म्हणजे किंमत तिथेही मोजली जाते. ती डिस्कवरच्या जागेत असते, आणि प्रत्येक स्टोरेज ड्रायव्हरमध्ये इंटरप्टशिवाय चालणारा डंपचा वेगळा मार्ग लिहून तो नीट सांभाळण्यात असते. लिनक्सने हा रस्ता न पाहताच सोडला असं नाही. एलकेसीडी, डिस्कडंप, नेटडंप हे सगळे डंपचे प्रयोग केडंपच्या, म्हणजे मी वर सांगितलेल्या दुसऱ्या कर्नलच्या व्यवस्थेच्या, आधीचे आहेत. डिस्कडंपला ड्रायव्हरकडून खास सोय लागायची, आणि लिनक्समधल्या ड्रायव्हरांची संख्या पाहता सगळ्यांकडून ती करून घेणं शक्यच नव्हतं. २००५ साली २.६.१३ मध्ये केएक्झेक आणि केडंप मुख्य कर्नलमध्ये आले, तेव्हा दुसरं निरोगी कर्नल उठवायचं आणि नेहमीचेच ड्रायव्हर वापरायचे हा निर्णय पक्का झाला. त्यामुळे डंप एनएफएसवर, एसएसएचवरून किंवा मल्टिपाथच्या डिस्कवर, कुठेही पाठवता येतो. याला आळस म्हणणं मला मान्य नाही. मेमरी देऊन विश्वासार्हता घेण्याचा तो सौदा आहे आणि तो विचारपूर्वक केलेला आहे.

लॉग पुरतो का, या प्रश्नावर मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे. नेटकन्सोल जरूर लावा, पीस्टोअरही (रीबूटनंतर टिकणाऱ्या जागेत लॉग जपणारी सोय) चालू ठेवा. मी दोन्ही लावतो, कारण केडंप फसलं तर तेच हाती उरतं. पण लॉगमध्ये दिसतं ते कोण कोसळलं एवढंच. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त अडकली आणि हंग टास्कवर पॅनिक करायला सांगितलेलं असेल, तर लॉगमध्ये त्या प्रोसेसचा स्टॅक (फंक्शनच्या कॉलची साखळी) येतो: म्यूटेक्सची (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकची) वाट पाहत होती. तो म्यूटेक्स धरला कोणी? अलीकडची कर्नल्स काही वेळा त्याचंही नाव छापतात. पण तो धरणारा कशावर अडला? डंप हातात असेल तर क्रॅश हे साधन उघडायचं, म्यूटेक्सच्या ओनर या फील्डमधले खालचे तीन बिट वगळायचे, की उरतो तो धरणाऱ्या टास्कचा पत्ता. त्याचा स्टॅक पाहायचा. तो आयओ (उपकरणावरचं वाचन-लेखन) पूर्ण व्हायची वाट पाहत असेल तर ती रिक्वेस्ट शोधायची, ती ब्लॉक लेयरच्या रांगेत आहे की ड्रायव्हरकडे जाऊन बसली आहे ते पाहायचं. असं एकेक पाऊल मागे जात मूळ कारणापर्यंत पोचता येतं. मोकळी केलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वापरली, अशा चुकांत तर लॉगमधला स्टॅक बऱ्याचदा पीडिताचा असतो. ज्याने घाण केली तो केव्हाच निघून गेलेला असतो, आणि त्याचा माग फक्त त्या स्लॅबमधल्या (सारख्या आकाराच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीच्या तुकड्यातल्या) ऑब्जेक्टच्या बाइटांत आणि त्याच्या शेजाऱ्यांत सापडतो. वर्षातून एकदाच पॅनिक येत असेल तर डंप घेणं जास्तच गरजेचं आहे, कारण तो प्रसंग पुन्हा घडवून पाहायची सोय तुमच्याकडे नाही.

आकाराकडे वळतो. १९२ एमबी हा आकडा १ ते ४ जीबीच्या मशीनसाठी रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ने एक्स८६-६४वर ठेवलेला आहे. पुढे ६४ जीबीपर्यंत २५६ आणि त्यावर ५१२. आकार आपोआप ठरवणारा, आधीच्या आवृत्त्यांमधला "ऑटो" हा पर्याय ९ मध्ये काढला. हे आकडे सुरुवात म्हणून ठीक आहेत, पण तुमच्या मशीनला किती लागेल हे रॅमच्या आकारावरून फारसं कळत नाही. १ टीबी रॅमची प्रत्येक ४ केबीच्या पानाला एक बिट धरून नोंद ठेवली तरी ती ३२ एमबी होते, आणि डंप लिहिणारं मेकडंपफाइल ती तुकड्यातुकड्याने करू शकतं. मेमरी खरी खातात ती उघडलेलं इनिटरॅमएफएस आणि ड्रायव्हर. प्रत्येक सीपीयूमागे रांगा मांडणारं नेटवर्क कार्ड, मोठमोठे बफर घेणारं स्टोरेज कार्ड. म्हणूनच दुसऱ्या कर्नलला एकच सीपीयू देतात, मेमरी सीग्रुप (प्रोसेसच्या गटांच्या मेमरीचा हिशेब ठेवणारी सोय) बंद ठेवतात आणि डंपच्या मुक्कामाला न लागणारे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून काढून टाकतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर. एलयूकेएस२ची (लिनक्समधल्या डिस्क एन्क्रिप्शनची) किल्ली उघडताना आर्गॉन२ (पासवर्डपासून किल्ली बनवणारं अल्गोरिदम) मुद्दामच भरपूर मेमरी मागतं, आणि क्रिप्टसेटअप या साधनाची त्यासाठीची नेहमीची मर्यादा १ जीबीपर्यंत जाते. १६ जीबीच्या मशीनवर २५६ एमबी राखली, डंपची जागा एलयूकेएस२वर ठेवली, की दुसरं कर्नल उठतं, डिस्क उघडायला जातं आणि ओओएम होऊन, म्हणजे मेमरी संपून, मरतं. डंप नाही तो नाहीच. अशा मशीनचा डंप नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवावा हे बरं. आणखी एक: एक्स८६-६४वर क्रॅशकर्नल या बूटच्या पर्यायात "हाय" मागून ४ जीबीच्या वर ५१२ एमबी राखली तर खाली किमान २५६ एमबी आपोआप वेगळी राखली जाते, कारण ३२ बिटांच्या डीएमएला ती लागते. हिशेब करताना ती धरा.

आता तुमच्या २ जीबीच्या मशीनबद्दल. ते व्हर्च्युअल मशीन असेल आणि हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) तुमच्या हातात असेल, तर आत काहीही राखू नका. पॅनिक झाल्याचं हायपरव्हायझरला कळवणारं पीव्हीपॅनिक उपकरण लावा, पॅनिक झाल्यावर लिबव्हर्टला (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाला) बाहेरून मेमरी उतरवून घ्यायला सांगा. तिथे डंप घेणारा कोसळलेल्या कर्नलच्या बाहेरच असतो, म्हणजे मी वर मांडलेली सगळी अट आतल्या मशीनची एक एमबीही न अडवता पूर्ण होते. भाड्याच्या क्लाउडवर ही सोय सहसा हाती नसते. तिथे निर्णय तुम्हाला त्या मशीनच्या कामावरून घ्यावा लागेल. एकसारख्या अनेक मशीन असतील तर दोन-तीनवरच केडंप ठेवणं हा मला पटलेला मार्ग आहे, कारण कर्नलची एकच चूक साधारणपणे सगळीकडे दिसते.

राखीव मेमरी एरवी वापरता यावी ही तुमची इच्छा कर्नल लिहिणाऱ्यांचीही आहे. आयबीएमच्या पॉवर सीपीयूवरच्या एफएडंप या डंपच्या पद्धतीत फर्मवेअर मेमरी जपतं, त्यामुळे राखलेला भाग एरवी ॲप्लिकेशनांना वापरता येतो. अलीकडे सर्वसाधारण लिनक्समध्येही क्रॅशकर्नलच्या पर्यायात सीएमए आलं आहे: थोडा भाग पूर्वीसारखाच कडक राखीव, आणि बाकीचा एरवी युजर प्रोसेसच्या पानांसाठी मोकळा. पण त्यासाठी काय मान्य करावं लागलं ते पाहा. त्या भागातली युजर पानं डंपमध्ये मिळत नाहीत, आणि चालू असलेलं डीएमए संपावं म्हणून दुसरं कर्नल सुरू करण्याआधी १० सेकंद थांबावं लागतं. कर्नलचाच डंप हवा असेल तर ही तडजोड चांगली आहे, आणि लहान मशीनवर मी तिचाच आधी विचार करेन.

आणि १९२ एमबी तुमच्याकडे जास्त वाटत असेल तर मोजून बघा. चाचणीच्या मशीनवर सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या) "सी"ने मुद्दाम पॅनिक घडवा, डंप खरोखर ज्या जागी जाणार आहे तिथेच जाऊ द्या, आणि सिरियल कन्सोलवर दुसऱ्या कर्नलचा लॉग वाचा. डंप पूर्ण झाला आणि मेमरी उरली, तर चढवलेलं क्रॅश कर्नल उतरवून सिसएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) केएक्झेक क्रॅश साइझ या फाइलमध्ये लहान आकडा लिहा. रीबूट न करता तेवढी मेमरी परत मिळते. वाढवता मात्र येत नाही, म्हणून सुरुवात मोठ्या आकड्याने करा. मग कर्नल पुन्हा चढवा आणि पुन्हा पाडून बघा. कर्नल अपडेट झालं किंवा नवं कार्ड बसवलं की ही चाचणी परत घ्यावी लागेल. तुमच्या मशीनवर १९२ पेक्षा कमीत भागलं, तर कोणते ड्रायव्हर वगळलेत तेवढं खाली जरूर लिहा. लहान मशीनवाल्या बऱ्याच जणांना ते हवं आहे.