नाजूक प्रकृतीचा वाटाड्या

रस्ता विचारण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. अडचण एवढीच, की सांगितलेला रस्ता माझ्या डोक्यात दोन वळणांपुरताच टिकतो. "पुढे उजवीकडे, मग डावीकडे, मग एक मोठं झाड लागेल" इथपर्यंत मी मन लावून मान डोलावतो. झाडानंतर सांगणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. मग झाडाखाली मोटरसायकल उभी करायची आणि पुढचा माणूस येण्याची वाट बघायची. अशा दोन-दोन वळणांच्या हप्त्यांनी मी आजवर बराच प्रवास केला आहे.

त्यामुळे हँडलवर मोबाइल लावायचा आणि तो सांगेल तसं वळत राहायचं, ही कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. "त्यापेक्षा तो खिशात ठेवून नुसता कानाने ऐकलात तर?" असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. तिला यंत्रातलं काय कळतंय, म्हणून मी नुसता हसलो. ते हसणं तिने जपून ठेवलं आहे.

पहिला होल्डर चार नख्यांचा होता. खेकड्याने भक्ष्य पकडावं तसा तो मोबाइल चारी बाजूंनी धरायचा. बसवायला सोपा, असं खोक्यावर लिहिलेलं. ते खरंही असेल, पण त्याची कडी होती २२ मिलिमीटरच्या नळीसाठी आणि माझं हँडल मुठींपाशी तेवढंच असलं तरी मधोमध चांगलं गुटगुटीत आहे. मुठींपाशी लावावा तर स्विचांची गर्दी, मध्ये लावावा तर कडी मिटत नाही. शेवटी एका बाजूला, जिथे हँडल निमुळतं होत जातं तिथे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो आवळला. घरातल्या कुठल्याही दुरुस्तीत शेवटी सायकलची ट्यूब लागतेच.

होल्डर पक्का बसला, पण नेमका स्पीडोमीटरच्या तोंडावर. मी म्हटलं, हरकत नाही, नकाशा वेगही दाखवतो. म्हणजे वीतभर खाली असलेला काटा झाकून टाकून मी वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांना विचारत होतो, की बाबांनो, मी किती वेगाने चाललोय? आणि ते बिचारे सांगतही होते. त्यातून एक नको ती माहिती कळली. गाडीचा काटा वेग थोडा फुगवूनच दाखवतो. तरुणपणी मी मित्रांना सांगितलेले दोन-तीन आकडे तेव्हापासून मनातल्या मनात खाली आणले आहेत.

खेकड्याची खरी परीक्षा पहिल्या गतिरोधकावर झाली. गाडी वर गेली, खाली आली. मोबाइल फक्त वर गेला. तो परत येताना मी दोन्ही गुडघे टाकीला आवळून त्याला मांडीवर झेलला. यष्टिरक्षक म्हणून मला शाळेच्या संघातून काढलं होतं, त्या मास्तरांनी ते बघायला हवं होतं.

मग त्यावर रबराची जाळी आली. जाळीने मोबाइल सुटायचा थांबला, पण तिचा एक पट्टा बरोबर पॉवरच्या बटणावर बसला. खड्डा आला की स्क्रीन बंद, पुढचा खड्डा आला की चालू. खड्ड्यांची संख्या सम असेल तर मला रस्ता दिसायचा, विषम असेल तर नाही. एकदा सलग खडबडीत पट्टा लागला आणि इतक्या वेळा बटण दाबलं गेलं, की मोबाइलला वाटलं मालक संकटात आहे. तो जोरजोरात भोंगा वाजवून आकडे उलटे मोजायला लागला, शून्य आलं की मदतीसाठी फोन लावणार. मी गाडी बाजूला घेऊन घाईघाईने तो रद्द केला. तसं पाहिलं तर त्याचा अंदाज चुकीचा नव्हता.

यानंतर मी शहाण्यासारखा स्क्रूने आवळायचा, कुलपासारखा फिरवून बसणारा माउंट घेतला. त्यात मोबाइल असा बसला, की तो काढायला मलाच दोन हात लागायचे. इथे मी स्वतःवर खूश होऊन लांबच्या सहली सुरू केल्या.

तिसऱ्या सहलीनंतर फोटो बघायला बसलो. डोंगर हलत होते. तळं थरथरत होतं. बायकोचा चेहरा पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा लहरत होता, आणि कॅमेरा उघडला की मोबाइलमधून बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. "माझा फोटो काढतानाच तुमचा हात का हलतो?" तिने विचारलं. हात हलत नव्हता. हललं होतं ते आतलं भिंग.

झालं असं, की हात थरथरला तरी फोटो स्थिर यावा म्हणून हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये भिंग झोपाळ्यासारखं तरंगतं ठेवलेलं असतं. हात एकीकडे गेला की चुंबकं भिंगाला दुसरीकडे ढकलतात. फार हुशार आणि फार हळवी रचना. माझी गाडी पडली मोठ्या एका सिलिंडरची. तिच्यात एक जाडजूड पिस्टन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या हिशेबाने, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, वरखाली आपटत असतो, आणि त्याचा प्रत्येक धक्का फ्रेममधून हँडलवर, हँडलवरून माउंटवर इमानेइतबारे पोचतो. माउंट जितका घट्ट, तितका धक्का शुद्ध. पूर्वीचा ढिला खेकडा निदान मध्ये थोडी लाच खायचा.

ही काही माझ्या एकट्याची रड नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने रीतसर सूचनाच काढली होती, की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलींच्या इंजिनाची कंपनं कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडवू शकतात, तेव्हा आयफोन थेट हँडलला किंवा सांगाड्याला लावू नका. माझा मोबाइल दुसऱ्याच कुणाचा होता, पण नाजूकपणाला कंपनीची अट नसते. सूचना मी वाचली ती मोबाइल दुरुस्तीला टाकून आल्यावर. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक सूचना मी याच क्रमाने वाचल्या आहेत.

पुढे मोबाइल आणि माउंटच्या मध्ये कंपन शोषणारा रबरी तुकडा आला. या तुकड्याने काम चोख केलं. फक्त मोबाइल आता प्रत्येक धक्क्याला हळूहळू मान डोलवायचा. मी म्हणायचो, "डावीकडे का?" तो मान डोलवायचा. "की उजवीकडे?" त्यालाही डोलवायचा.

कॅमेरा वाचला. मग उन्हाची पाळी.

उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून उजेड पूर्ण वाढवायचा. उजेड वाढवला की बॅटरी उतरते म्हणून चार्जिंग लावायचं. वरून ऊन, आतून उपग्रहांचं ऐकणारी चिप, बाजूने चार्जिंग, अशा तिहेरी शेगडीवर मोबाइल तापतो. तापला की तो आधी चार्जिंग थांबवतो, मग स्वतःहून स्क्रीन मंद करतो, आणि शेवटी 'मला थंड होऊ द्या' एवढंच लिहून डोळे मिटतो. काही मोबाइल शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेतच वापरा, असं त्यांचे निर्मातेच सांगतात. पस्तीस अंशांच्या वर मला स्वतःलाही काम सुचत नाही, पण मी निदान भर रस्त्यात वळणाच्या तोंडावर डोळे मिटत नाही.

त्यातच ऊन लागू नये म्हणून मी पोलराइज्ड गॉगल घेतला. रस्ता सुरेख दिसायला लागला, पण मोबाइलची स्क्रीन ठार काळी. मी मोबाइल गेला असं समजून हळहळत गाडी थांबवली, वाकून मान तिरकी केली तर नकाशा हजर. मान सरळ, नकाशा गायब. काचेतून येणारा प्रकाश एका दिशेचा आणि गॉगल त्याच दिशेचा प्रकाश अडवणारा, असं ते भांडण आहे हे नंतर समजलं. तोपर्यंत मी वीस-पंचवीस किलोमीटर मान वाकडी करून गाडी चालवली होती. समोरून येणाऱ्या बऱ्याच लोकांनी मला नमस्कार केला. मी त्यांच्याकडे बघून अदबीने झुकतोय असं त्यांना वाटलं असावं.

पावसाचं काय सांगावं! मोबाइल पाण्यात टिकतो, हे मी त्याच्या खोक्यावरच्या आयपी ६८ वरून ठरवलं होतं. त्यातला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यासाठी, एवढा माझा अभ्यास झाला होता. पण ती परीक्षा स्थिर, गोड्या पाण्यात बुडवून घेतात. साठच्या वेगाने अंगावर येणाऱ्या सरी हे काही शांत तळं नव्हे. तरी मोबाइल मेला नाही, हे मान्य करायला हवं. त्याने वेगळाच उद्योग केला. ही काच बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे तिच्यावरच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखते. पाण्याचा थेंबही तोच बदल करतो. म्हणजे प्रत्येक थेंब हे त्याच्या लेखी एक बोट. हजारो बोटं एकदम कामाला लागल्यावर नकाशा आधी समुद्रात गेला, मग इतका लहान झाला की त्यावर खंडंच तेवढी दिसू लागली, आणि मग मोबाइलने माझ्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. मी त्या दिवशी आजारी होतो.

कॉल तोडायला बोट टेकवलं तर काही होईना, कारण हातात मोजे. थेंबाला जे जमतं ते मोजा घातलेल्या बोटाला जमत नाही, यात अपमान आहे. दातांनी मोजा ओढून काढायला हेल्मेट आडवं आलं. शेवटी गाडी थांबवली, काच वर केली आणि नाकाने कॉल तोडला. साहेबांना पडद्यावर शेवटी काय दिसलं असेल, हा विचार मी आजही करत नाही.

पारदर्शक पाऊच घेतला तर आत वाफ धरली. आतला मोबाइल तापून घामेजायचा. बाहेर पाऊस आणि आत धुकं, नकाशाला दोन्ही ऋतू. एकदा चार्जिंगच्या भोकात ओल गेली, तर वाळल्याशिवाय चार्ज होणार नाही असं त्याने बजावलं आणि तासभर उपोषण केलं.

चार्जरचीही एक गोष्ट आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, मोबाइलला हवेत पाच, मधला बदल करणारी डबी हँडलखाली लावायची. तिची वायर किल्लीने चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्यावी आणि मध्ये फ्यूज टाकावा, हे ज्याला कळतं त्याला कळतं. मी ती थेट बॅटरीला जोडली, कारण बॅटरी दिसत होती आणि ती लाइन दिसत नव्हती. डबीवर निळा दिवा रात्रंदिवस तेवत राहिला. तीन आठवडे गाडी उभी होती. नंतर बटण दाबलं तर नुसतं टक, टक. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना किकही नसते. मोबाइल मात्र शंभर टक्के भरलेला होता. त्यावर मी शोधलं, 'धक्का देऊन गाडी कशी सुरू करावी'.

संगीताचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो दुःखाचा आहे. हेल्मेटमध्ये ब्लूटूथचे स्पीकर बसवले. वेग वाढला की वाऱ्याचा आवाज वाढतो, त्यावर गाणं वाढवायचं, म्हणजे कानात वादळ आणि मैफल एकाच वेळी. त्यातूनही ऐकत होतो. गायिका सुंदर तान घेऊन समेवर येणार, मी तोंडाने दाद देणार, तोच दुसरी बाई करड्या आवाजात म्हणते, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." सम गेलीच आणि दाद देण्याच्या नादात वळणही गेलं. मग ती बाई "यू टर्न घ्या" म्हणत राहिली आणि गायिका पुढचा अंतरा धरून मोकळी झाली.

एवढं सगळं सोसूनही मी हटलो नसतो. पण एके दिवशी मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? आत्ता मोबाइलकडे बघितलंत ते किती वेळ?"

"अगं, क्षणभर."

"मी मोजलं. दोन सेकंद." गणित तिचं पहिल्यापासून पक्कं आहे. "साठच्या वेगाने दोन सेकंदांत तेहतीस मीटर होतात. तेहतीस मीटर गाडी कोण चालवत होतं?"

याला उत्तर नव्हतं. गाडी बाजूला घेतली. तिने मोबाइल काढला, माझ्या हेल्मेटशी त्याची असलेली सोयरीक तोडली आणि तो स्वतःच्या हातात धरला. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, दोन्हींवर म्हणजे थांबा, असा करार झाला. आणि खरं सांगतो, इतका उत्तम माउंट मी पाहिला नाही. कोपर, मनगट आणि तळहात यांत कंपन पार जिरतं. ऊन आलं की पदराची सावली, पाऊस आला की थेट पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. मोजे नाहीत, त्यामुळे नाकाची गरज नाही. गुणगुणत, अचूक थापा देत तिने मला तासभर असं नेलं, की एकही वळण चुकलं नाही.

मग रस्ता जरा मोकळा लागला आणि उजव्या खांद्यावर थाप पडली. मी उजवीकडे वळलो. पुन्हा थाप. पुन्हा वळलो. मग डावीकडे हलकीशी, लगेच उजवीकडे दोन. मी चक्रावलो, पण करार तो करार. रस्ता बारीक होत गेला, मग कच्चा झाला, मग संपला. समोर एक तळं आणि काठावर दोन बगळे.

इंजिन बंद केलं. मागून अजून थापा चालूच होत्या, आता दोन्ही खांद्यांवर, ठेक्यात. मी वळून पाहिलं. तिच्या एका कानात इअरफोन होता आणि डोळे मिटलेले होते.

"थांबलात का?" ती डोळे न उघडता म्हणाली. "आता द्रुत सुरू होतंय."