पळवाट म्हणे!

किशोरांसाठीच्या विज्ञानकथा आणि अद्भुत साहसकथा म्हणजे वास्तवापासून पळवाट, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं काही पटलं नाही. पळायचंच असेल तर एवढ्या कटकटीच्या जगात कोण कशाला जाईल? अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची १९६८ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी बघा. तिथे जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ पोरगा बरोबरीच्या मुलाला खिजवायला नको ती विद्या वापरतो आणि एक सावली मोकळी सुटते. मग तो पळतो, पण पळून भागत नाही. उलट फिरून तिच्याच मागे लागावं लागतं. (पुढचं सांगत नाही, मजा जाईल.) पंधराव्या वर्षी स्वतःच्या चुकीकडे कसं बघायचं, हे मला तरी मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा इथे जास्त कळलं.

हां, ‘निवडलेला एकमेव तारणहार’ छापाच्या मालिकांचा मलाही कंटाळा आलाय. एका पुस्तकाचा ऐवज तीन भागांत ताणतात आणि मधला भाग नुसता प्रवास! तेवढ्यापुरतं त्या लेखाच्या लेखकाशी सहमत.